बसल्या मापाची गाडी

घाई नसेल तर स्कूटर लावा बाजूला आणि टेका जरा इथं. आमच्या मास्तरनं गाडी घेतली त्याची गोष्ट सांगतो. तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितली असेल, पण ती चुकीची असणार. आमच्या गल्लीत जो तो आपल्याला सोयीचं पडेल तिथून सुरुवात करतो. मी बुडापासून सांगतो. मध्ये बोलू नका फक्त, माझा धागा तुटतो.

मास्तर म्हणजे कपडे शिवणारा मास्तर, शाळेतला नव्हे. शाळेचं आणि त्याचं लवकर फाटलं, माझ्यासारखंच. पण हात असा, की माणूस दुकानाची पायरी चढेपर्यंत त्याचा खांदा, छाती आणि पोट मास्तरच्या डोक्यात उतरलेलं असतं. टेप लावतो ती गिऱ्हाइकाच्या समाधानाला. वर हळूच विचारतो, "थोडं सैल ठेवू?" त्यानं असं विचारलं की समजायचं, आपण सुटलोय.

घरात माणसं पाच. मास्तर, त्याची आई, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी, आणि बायकोचा भाऊ. हा मेहुणा नोकरी लागेपर्यंत म्हणून राहायला आला होता. नोकरी लागली, तोवर सवयही लागली, म्हणून राहिला. माणूस स्वभावानं गरीब, त्याच्याबद्दल वाईट बोलणार नाही मी. फक्त देवानं त्याला बेतला तेव्हा कापड मुबलक होतं एवढंच.

आता ही पाच माणसं एका रिक्षात काही मावत नाहीत. म्हणजे कुठं निघायचं तर रिक्षा दोन. मास्तरची थोरली बहीण, ताई, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहते. एकदा असेच सगळे तिच्याकडे निघाले. पहिल्या रिक्षात तिघं, दुसऱ्या रिक्षात म्हातारी आणि मेहुणा. वाटेत मेहुणा पत्ता विचारायला खाली उतरला. तो उतरल्यावर रिक्षा अशी हलकी झाली, की रिक्षावाल्याला वाटलं सुटलो, आणि तो म्हातारीला घेऊन निघून गेला. त्यानं तिला कुठल्या तरी भलत्याच वसाहतीत सोडलं. इमारती सगळ्या एका साच्यातल्या. म्हातारी जिना चढली, ताईचाच मजला समजून घंटा दाबली, आत जाऊन बसली आणि घरातल्या बाईला म्हणाली, सोफा बदललास आणि मला सांगितलंही नाहीस. ती बाई बिचारी भली. पाणी दिलं, आणि सोफ्याबद्दल माफीही मागितली.

शोधून आणल्यावर म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, "यापुढं लेकीकडे जाईन तर सगळ्यांबरोबर, एका गाडीत. नाहीतर माझं आहे तिथंच बरं."

आणि म्हातारी बोलली की बोलली. त्यानंतर ती गेलीच नाही. रोज संध्याकाळी फोनवर ताईशी बोलायची, आवाज मात्र मास्तरला ऐकू जाईल एवढा. कसली येते गं मी, तुझ्या भावाला जमेल तेव्हा येईन, त्याच्या मागं कामं फार. मास्तर खाली मान घालून काजं करत बसायचा. मग एक दिवस ताईच्या नवऱ्याची बदली आली, लांबची. घर आवरून ती दोघं जाणार म्हणाली. म्हातारी त्या दिवशी फोनवर मोठ्यानं काहीच बोलली नाही. हं हं करत राहिली आणि लवकर ठेवला. मास्तरनं कात्री खाली ठेवली आणि बायकोला सांगितलं, गाडी घेतोय.

ही बातमी गल्लीत पोचायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात माझा चहासुद्धा निवला नाही. पहिले आले सल्लागार. हे पोस्टातून निवृत्त झालेले, मास्तरच्या वरच्या मजल्यावर राहतात. आयुष्यात सायकल सोडून कशावर बसले नाहीत, पण गाडीच्या जाहिराती तोंडपाठ. त्यांनी पांढरी घ्यायला सांगितली, उन्हात तापत नाही म्हणून. समोरच्या औषधाच्या दुकानदारानं पांढरी अजिबात नको म्हणून सांगितलं, लोक रुग्णवाहिका समजून हात करतात. इस्त्रीवाला म्हणाला, रंग कुठलाही घ्या, घेतल्या दिवशी विकायला काढलीत तर काय भाव येईल ते बघा. मास्तर म्हणाला, घेतल्या दिवशी विकायची तर घेऊ कशाला? इस्त्रीवाल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं, की बाबा तुला व्यवहार कळत नाही. काळजी म्हणून सांगतो म्हणणारी ही माणसं, मास्तरला कर्ज मंजूर झालं कळल्यावर आठवडाभर कुणी त्याच्याकडे नीट बघितलं नाही.

गाडी चालवायला शिकायचं राहिलं होतं. ड्रायव्हिंग क्लासवाल्यानं सांगितलं, नवराबायको दोघं आलात तर सवलत. सवलत दिसली की मास्तरचा जीव वर-खाली होतो. बायकोला गाडी शिकायची नव्हती, पण सवलत वाया जाईल म्हणून तिला नेली. ती मागं बसून विणकाम करायची. मास्तरचा नंबर झाला की तिला पुढं बसवायचे, ती गपचूप चालवायची, पुन्हा मागं जाऊन विणायला लागायची. तिला लायसन मिळालं तेव्हा मास्तर म्हणाला, चला, एकावर एक फुकट. त्याला स्वतःला मिळालं तेव्हा मात्र त्यानं गल्लीत पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. क्लासची गाडी म्हणजे जुना खटारा, पुढची सीट पार मागं सरकून तिथंच गंजलेली. त्यामुळे मास्तर त्यात ऐसपैस बसला. हे सांगतोय ते उगाच नाही.

आता खरी मजा. कुठली गाडी घ्यायची हे ठरवायला कुटुंब घेऊन शोरूमला जावं असं सगळ्यांनी सुचवलं. मास्तर तयार होईना. बायको आणि मुलीला कापडाच्या दुकानात नेल्यावर काय होतं ते त्यानं दुकानाच्या आतल्या बाजूनं जन्मभर पाहिलंय. तो म्हणाला, माणसं न्यायची गरजच काय? मापं नेतो.

मग त्यानं प्रत्येकाचं बसल्या जागी माप घ्यायला सुरुवात केली. आईला सांगितलं, नवा ब्लाऊज शिवतोय. म्हातारी खुर्चीत बसलेली, आणि हा टेप घेऊन खुर्चीच्या मागं. ती म्हणाली, ब्लाऊजला हे माप कधीपासून लागायला लागलं? मुलीनं टेप बघितली आणि दार लावून घेतलं, तिचं माप कॉलेजच्या बाकावरून घ्यावं लागलं. मेहुण्यानं मात्र निमूट घेऊ दिलं, वर विचारलं, "भावोजी, श्वास आत ओढून धरू का सोडून?" मास्तर म्हणाला, "सोड. गाडीत किती वेळ धरशील?"

मापं घेऊन झाल्यावर मास्तरनं खाकी कागद अंथरला. कपडा बेतायच्या आधी शिंपी कागद कापतात, तसं त्यानं एकेका माणसाचं बूड आणि खांदे खऱ्या मापाचे कापले. प्रत्येकाला वर बोटभर माया ठेवली. शिलाईत जादा कापड ठेवतात ना, पुढं माणूस सुटला तर उसवून मोठं करता यावं म्हणून, ती माया. खडूनं त्यावर लिहिलं: आई, ही, पोर, मेहुणा. मेहुण्याला कागद पुरला नाही, जोड द्यावा लागला. गुंडाळी करून काखेत मारली आणि स्वारी शोरूमला.

शोरूम म्हणजे काचेचं. आत एवढं गार, की तिथल्या पोरी स्वेटर घालून हसत होत्या. मास्तरला घ्यायला टाय लावलेला विक्रेता आला. मास्तरनं आधी त्याच्या कोटाचा खांदा बघितला. उजवा खांदा बसलेला नव्हता. ज्याचा खांदा बसत नाही त्याच्या शब्दावर किती भरवसा ठेवायचा, असं त्याला वाटलं. टायवाला डिकी उघडून सांगू लागला, सर, एवढ्या लिटरची जागा आहे. मास्तरनं विचारलं, लिटरमध्ये कशी? डिकीत काय दूध भरायचंय? टायवाला हसला. त्याला हसायचा पगार होता.

मग मास्तरनं गुंडाळी सोडली. पुढच्या सीटवर एक कागद ठेवला, मागं तीन ओळीनं लावले, आणि पुढच्या कागदाला पट्टा बांधला.

"सर, हे काय आहे?"

"ही आमची आई," मास्तर म्हणाला. "ती पुढं बसणार. पट्टा लावलेला बरा."

शेजारी एक जोडपं गाडी बघत होतं. त्यातल्या बाईनं नवऱ्याचा हात धरून त्याला हळूच दुसऱ्या गाडीकडे नेलं. मागच्या सीटवर कागद किंचित एकमेकांवर चढत होते, म्हणून मास्तर टाचण्या काढायला लागला. नव्या सीटवर टाचणी बघून टायवाल्याचं हसू पगारासकट पडलं. त्यानं कागद स्वतः हातानं धरून ठेवले. एक गाडी अरुंद निघाली, मेहुण्याची कड दाराबाहेर. दुसऱ्या गाडीत बायको दुमडत होती. तिसऱ्या गाडीत मात्र चौघंही असे बसले, जसं काही अस्तर बसावं. मास्तरला भरून आलं. गाडी फिरवून बघा म्हणून टायवाल्यानं किल्ली पुढं केली, तर मास्तर म्हणाला, तुम्हीच चालवा, मी मागं मेहुण्याचा कागद मांडीवर घेऊन बसतो आणि बघतो, वळणावर ही मंडळी सरकतात का. टायवाल्यानं चालवली. मंडळी सरकली नाहीत. मास्तर तिथंच हो म्हणाला.

पैसे भरेपर्यंत 'सर, पाणी घ्या' चाललं होतं. पैसे भरल्यावर तोच टायवाला फोनवर म्हणाला, "हं, कोण?"

मग नंबरचं सरकारी ऑफिस. तिथल्या बाबूनं राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला. मास्तरनं विजेचं बिल दिलं. बिल वडिलांच्या नावावर. बाबू म्हणाला, वडिलांना घेऊन या. मास्तरनं सांगितलं, वडील वारले. बाबूनं विचारलं, मग बिल कोण भरतं? मी भरतो. मग नाव का बदललं नाहीत? मास्तर म्हणाला, गेलो होतो बदलायला, ते म्हणाले वडिलांची सही आणा. बाबूनं जरा विचार केला आणि मान हलवली, "त्यांचंही बरोबर आहे."

मास्तरनं फेऱ्या घातल्या. साहेब जेवायला गेलेत, साहेब आलेत पण शिक्का जेवायला गेलाय, अशातला प्रकार. इकडे ताईचं सामान बांधून होत आलेलं. शेवटी एकदा बाबू उठून कपाटाकडे गेला, तेव्हा मास्तरच्या नजरेला दिसलं, की याची पँट कमरेला पिनेवर अडकवलीये. तो जवळ गेला आणि कानात एवढंच म्हणाला, की ही कंबर मी संध्याकाळपर्यंत आत घेऊन देतो. दुसऱ्या दिवशी बाबू पँट सावरायचं सोडून दोन्ही हातांनी काम करताना दिसला, आणि मेलेल्या वडिलांचं बिल अगदी चालण्यासारखं आहे असं त्याच्या लक्षात आलं. मास्तर घरी येऊन म्हणाला, लाच नाही दिली मी, टाका घातला. असू दे. ज्याचं त्यानं ठरवावं.

गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी तिच्यावर चमकदार कापड टाकलं होतं आणि मास्तरच्या हातात पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली दिली. फोटो निघाला. फोटोत मास्तर किल्लीकडे बघत नाहीये, कॅमेऱ्याकडेही नाही. कापडाची कड वाकडी दुमडलीये, तिकडे बघतोय. गाडी घरापर्यंत आणायला शोरूमचा ड्रायव्हर दिला, कारण नव्या गाडीवर पहिला ओरखडा आपल्या हातून नको असं मास्तरचं म्हणणं. ड्रायव्हरनं दारात गाडी लावली आणि गेला. दोन दिवस मास्तर तिच्याभोवती फिरून फडकं मारत होता. आत बसला नाही. म्हणाला, पहिल्यांदा बसू ते सगळे मिळून बसू.

तो मुहूर्त आजचा. ताई आज रात्रीच्या आगगाडीनं जाणार.

सकाळी गल्ली सगळी बाहेर. सल्लागार तर गॅलरीतून खाली येऊन गाडीपुढं उभे, हात वर करून, जणू विमान उतरवतायत. आधी पुढच्या सीटवरून कुजबुज झाली. बायकोला वाटत होतं, नवरा गाडी चालवणार तर त्याच्या शेजारी आपण. म्हातारी म्हणाली, मी बसेन मागं, मला काय, माझे गुडघे काय आज दुखतायत? मास्तर म्हणाला, बसायचं ते बेतल्याप्रमाणे. बायको काही बोलली नाही. तिचं न बोलणं मागच्या सीटपर्यंत ऐकू आलं.

बसले सगळे. आणि खरं सांगतो, काय बसले. बोटभर मायेसकट. दारं लागली, कुणाचं कोपर कुणाला लागेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरनं गल्लीकडे एकदा नजर फिरवली, पुढारी फिरवतात तशी, आणि ड्रायव्हरचं दार उघडून एक पाय आत टाकला.

पाय गेला. बाकीचा मास्तर जाईना.

तिरका झाला, पोट आत ओढलं, डोकं आधी घालून पाहिलं. सल्लागार बाहेरून म्हणत होते, डावीकडून घ्या, डावीकडून. शेवटी कसाबसा आत बसला, तर पोट स्टिअरिंगवर. मास्तरनं श्वास सोडला की हॉर्न वाजायचा. श्वास घेतला की थांबायचा. पोरं हसायला लागली, मास्तरला राग आला, रागात श्वास जोरात व्हायला लागला, आणि गाडी जागच्या जागी बोंबलायला लागली. औषधाच्या दुकानातून एक म्हातारा बाजूला सरकून वाट द्यायला लागला, त्याला खरंच रुग्णवाहिका वाटली.

सीट मागं सरकवून पाहिली. मागं होता मेहुणा. त्याचं बूड बरोबर बेतलं होतं, पण कागदाला गुडघे नसतात. सीट मागं गेली तसा मेहुणा बारीक आवाजात म्हणाला, "भावोजी, माझे पाय आहेत तिथं." मग मुलीला तिथं आणून मेहुण्याला पलीकडे घातलं, तर मधल्या मास्तरीणबाई वर उचलल्या गेल्या आणि दार लागेना. सगळे उतरले, पुन्हा चढले. म्हातारी मात्र पुढच्या सीटवर पट्टा लावून, मांडीवर पिशवी घेऊन, समोर बघत बसलेली. पिशवीत लेकीला द्यायचं काहीतरी होतं. तिनं ती एकदाही खाली ठेवली नाही.

तेव्हा मास्तरची बायको शांतपणे म्हणाली, "अहो, तुमचं माप कधी घेतलंत?"

मास्तर टेप गळ्यात तशीच लोंबकळत ठेवून उभा. जन्मात त्यानं स्वतःचं माप घेतलेलं नाही हो. त्याचे शर्ट म्हणजे उरलेल्या कापडाचे, अंदाजानं कापलेले. स्वतःच्या मापाचा प्रश्न आला की तो लग्नाच्या वेळच्या मास्तरला धरून चालतो, आणि तो मास्तर आता या मास्तरच्या आत कुठंतरी असेल तर असेल.

"मी चालवते," बायको म्हणाली आणि पुढं येऊन बसली. चपखल. सीट, काच, आरसा, सगळं एकदा बघून घेतलं, जशी रोज बसते. मागं तिची जागा रिकामी झाली. मास्तरनं ती डोळ्यानंच मापली आणि प्रयत्नसुद्धा केला नाही.

आता सगळे म्हातारीकडे बघायला लागले. कारण शब्द तिचा होता: सगळे, एका गाडीत, नाहीतर नाही. ती आता पट्टा सोडून उतरली असती तर ताईची भेट राहिलीच होती, आणि म्हातारीचं वय बघता पुढचं कुणी सांगावं. मास्तरला ते कळत होतं. तो दाराशी वाकून म्हणाला, "आई, तू जा. माझं एक अर्जंट काम आहे दुकानात."

रविवारी त्याचं दुकान बंद असतं. म्हातारीनं त्याच्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, तो गिऱ्हाइकाला बघतो तशी.

"सगळेच बसलोय की," ती म्हणाली. "शिंपी कधी गिऱ्हाइकाच्या कपड्यात शिरतो का?" आणि सुनेला म्हणाली, "घे गं."

सुनेनं घेतली. झटका नाही, हिसका नाही. कोपऱ्यावर वळताना म्हातारीचा हात खिडकीबाहेर आला. गल्लीला वाटलं, निरोप देतेय. ती मास्तरला खुणावत होती, की घराचं कुलूप नीट बघ.

त्याला आता बराच वेळ झाला. लोक पांगले. सल्लागार जाताना सांगून गेले, मी मोठी घ्या म्हणालो होतो. ते असं कधी म्हणाले नव्हते. मास्तर दुकानाचं अर्धं शटर वर करून आत बसलाय, अर्जंट काम करत. मघाशी मी डोकावलो, तर मशीनवर कापडच नव्हतं. रिक्षानं जा म्हटलं, तर म्हणाला, नवी गाडी घेऊन बहिणीच्या दारात रिक्षातून उतरू? गाडीचं पहिलं मिळालेलं सुख बघा.

पण ताईचा तो धाकटा भाऊ आहे. तिनं त्याला शाळेत बोट धरून नेलंय, आणि शाळेतून पळून आल्यावर आईपासून लपवलंय. मला दाखवत नाहीये, पण सारखं घड्याळाकडे बघतोय.

तुम्ही स्कूटरवरून स्टेशनकडेच निघालात ना? ताईचं घर त्याच वाटेवर आहे. मग एवढं करा. जाता जाता दुकानापुढं थांबा आणि म्हणा, मास्तर, त्या बाजूचा रस्ता मला सापडत नाही, जरा मागं बसून दाखवता का? गाडीबद्दल अवाक्षर काढू नका. आणि तो मागं बसला ना, की तुम्ही आपण होऊन थोडं पुढं सरकून बसा, तेवढं.